शेऱ्याचा रकाना

सुग्रीवनं पहिल्या भेटीत माझ्या बांगड्या काढायला लावल्या होत्या.

घटस्थापनेचा दिवस होता. वडवणीहून एसटीनं आले, फाट्यावर उतरले आणि चिखल तुडवत सीताफळाच्या गराच्या कारखान्यात शिरले. दारातच निळी टोपी घातलेला एक उंच तरुण उभा होता. त्यानं माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

"नवीन ना? कोपरापासून हात धुवा. बांगड्या काढून ठिवा. केस टोपीत. आन् त्या बबिताताईच्या शेजारी बसा."

घाबरले की मी कुणाचंही ऐकते. हात धुतले, बांगड्या काढल्या, टोपी घातली आणि चमचा घेऊन बसले. अकरा फळांचा गर काढून झाला तेव्हा कंपनीच्या अध्यक्ष वत्सलाबाई आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"अगं बया! सुग्रीव, आरं ही आपली कंपूटरची इंजिनिअर हाय की! बिया काढायला कावून बसवली?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"मग... आदी न्हाई का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंच नाही. बांगड्या काढा म्हणालात... काढल्या."

"गर मात्र लई सुरेख काढलाय तुमी," तो माझ्या ताटलीकडे बघत म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा, नीट. मी घाईघाईनं बांगड्या शोधायला लागले.

मी स्वप्नाली. पुण्यात चार वर्षं दुसऱ्यांची कामं करून परत आलेली. माझ्या बॅगेत तेव्हा बंगळूरच्या नोकरीचं पत्र होतं आणि दसऱ्याला त्यांना हो की नाही कळवायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणाले होते, "सपना, वत्सलाबाईंचं काम नऊ दिवसांत उभं कर. त्या वर्षभर ठेवतो म्हणल्या तर राहा इथं, स्वतःचं काम कर. न्हाई जमलं तर मात्र बंगळूर. मग रडायचं न्हाई." मला इथंच राहायचं होतं.

काम तसं सांगायला सोपं. कारखान्यात तीन संगणक होते, त्यांना मी थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं दिली. तिघींना जोडून एक क्लस्टर करायचा. गरगोठीचं, म्हणजे गर गोठवायच्या खोलीचं तापमान, कुठल्या बागेतला गर कुठल्या डब्यात, गाडी कधी सुटली, अशी कामं वेगवेगळ्या कंटेनरमध्ये बंद करून तिघींवर वाटायची. एक बहीण आजारी पडली तर तिचं काम दुसरीनं उचलायचं. आणि या सगळ्यावर एक स्क्रीन लावायची, ब्राउझरमध्ये कुठूनही उघडणारी. काय चालू, काय बंद, सगळं त्यावर दिसणार. बंद पडलेलं तिथूनच चालू करता येणार. नवमीला दुपारी चार वाजता दुबईचा खरेदीदार तिकडून ती स्क्रीन उघडणार होता. त्याला सगळं हिरवं दिसलं तर हंगामभराची मागणी पक्की, आणि माझं वर्षही.

"म्हंजी डबेच की," सुग्रीव म्हणाला. "आमी गर डब्यात भरतो, तुमी काम डब्यात भरता."

"हो... तसंच."

"मग एवढं घाबरायला काय झालं?"

"मी कुठे घाबरले?"

"मघापासून बोटं मोडायलाव. दहा व्हती, दहाबी मोडून झाली."

मी हात मागे लपवले. तो हसला नाही, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं...

सुग्रीव गरगोठी सांभाळायचा. बीडच्या आयटीआयमधून थंडीच्या यंत्रांचं शिकलेला. दर दोन तासांनी उणे अठराच्या खोलीत जायचा, काटा बघायचा आणि एका लांबड्या रजिस्टरमध्ये लिहायचा. वेळ, तापमान, काय चालू केलं, काय बंद केलं, आणि शेवटी शेरा. बाहेर आला की भुवयांवर पांढरं दव असायचं. मग चहा आणायचा. तिसऱ्या माळेला त्यानं आणलेला चहा मी अर्धा टाकला, कारण कागदपत्रं वाचता वाचता तो गार झाला होता. पाचव्या माळेला आल्याचा वास कमी होता. का, ते मी विचारलं नाही.

"हे रजिस्टर आता कशाला?" मी एकदा चिडवलं. "स्क्रीन लागली की सगळं आपोआप लिहिलं जाईल."

"सगळं?"

"सगळं."

"शेरा बी?"

"शेरा काय... 'ठीक' एवढंच तर लिहीत असाल."

त्यानं रजिस्टर मिटलं आणि बगलेत धरलं. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर आपटत होता, खालच्या पाट्यांमधून पिकल्या सीताफळांचा गोड वास येत होता, आणि मला उगाचच वाटलं की मी काहीतरी चुकीचं बोलले.

सातव्या माळेला स्क्रीन लागली. पहिल्यांदा उघडली तेव्हा ब्राउझरनं लाल इशारा दाखवला आणि वत्सलाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"सुरक्षित न्हाई म्हणतंय की गं!"

"बाई, ते कुलूप लावायचं राहिलंय अजून. आता लावते."

कुलूप लावलं. पुन्हा उघडली. थोरली हिरवी. मधली हिरवी. धाकटी... धाकटीनं अर्धं मिनिट जीव घेतला आणि मग तीही हिरवी! मी एवढ्या मोठ्यानं हसले की बिया काढणाऱ्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

मग सुग्रीवचं खातं काढलं.

"तुम्हाला सध्या फक्त बघायचा अधिकार देते. हात लावता येणार नाही कशाला."

"बघायचा तर बघायचा," तो म्हणाला. "दिला हेच लई झालं."

तो स्क्रीनकडे बघत होता का? मी तपासलं नाही. कान गरम झाले होते, एवढं खरं.

निघताना मात्र त्यानं विचारलं, "मॅडम, ही स्क्रीन... चार दिस उशिरा लागली असती तर न्हाई का चाललं असतं?"

"का? तुमच्या फेऱ्या बंद होतील म्हणून?"

"तसंच समजा," तो म्हणाला आणि गरगोठीत गेला. ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं.

आणखी एक गोष्ट राहिली होती. तिघी बहिणींना राउटरनं जे पत्ते दिले होते ते कायमचे बांधून टाकायचे होते. पाच मिनिटांचं काम. उद्या करू म्हटलं. आठव्या माळेला दिवसभर वीज ये-जा करत होती, पुन्हा म्हटलं, उद्या.

उद्या खंडेनवमी होती.

सकाळी दहाला पोचले तर कारखान्यात धुपाचा वास. वजनकाट्याला झेंडूची माळ, पंपाला हळदकुंकू, गेटवरच्या हजेरीच्या यंत्राला माळ. माझ्या खोलीत थोरली, मधली, धाकटी ओळीनं सजलेल्या. राउटरच्या पोटावरसुद्धा कुंकवाचं बोट.

"राउटरलासुद्धा?"

"मग! त्यो बी राबतोच की," सुग्रीव आनंदानं म्हणाला. आज त्यानं पांढरा शर्ट घातला होता. "पूजेपुरती समद्यांना इश्रांती दिली. कंप्रेसर तेवढा चालूच ठिवला, न्हाईतर गर इतळंल. तुमच्या तिघींना तुमी शिकवलं तसंच, त्यांच्या अंगावरच्या बटनानं निजवलं. आन् तुमचं काम अडाया नको म्हणून आरती झाल्याबरुबर समदं चालू बी केलं."

मी स्क्रीन उघडली. पांढरी. पुन्हा उघडली... 'संपर्क होत नाही.'

तिन्ही संगणक चालू होते, दिवे लुकलुकत होते, माळा डुलत होत्या, आणि स्क्रीन पांढरी. साडेदहा. अकरा. अण्णांचा फोन आला. "जमलं का गं?" "होतंय अण्णा," म्हटलं आणि फोन ठेवला.

सुग्रीव दारात उभा होता. "मॅडम, माझ्याकडनं कायतरी..."

"तुम्ही मुद्दाम केलंत ना?" माझ्या तोंडून गेलंच. "चार दिवस उशिरा लागावी असं तुम्हालाच वाटत होतं!"

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम पुसलं गेलं.

"न्हाई मॅडम," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्यानंतर पाचच मिनिटांत मला कळलं. राउटर येणाऱ्याला येईल तसा पत्ता देतो. सगळं बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्यानं पत्ते नव्यानं वाटले होते. थोरली मधलीला जुन्या पत्त्यावर शोधत होती आणि तिथं दुसरंच कुणी राहायला आलेलं. पत्ते बांधून ठेवले असते तर हजार पूजा झाल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. चूक माझी होती. पाच मिनिटांची, दोन दिवस पुढे ढकललेली माझी चूक. आणि मी त्या माणसाला... मला स्वतःचीच लाज वाटली.

आधी काम. तिघींच्या पोटात शिरून जुने पत्ते शोधले. मधली आणि धाकटी जागेवर आणल्या, त्यांनी एकमेकींना ओळखलंही. पण स्क्रीनचं दार थोरलीच्या पत्त्यावर होतं, दुबईला तेच पाठवलं होतं, आणि तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी बळकावला होता. राउटरच्या यादीत नावं नव्हती, नुसते आकडे. कारखान्यात वायफायवर चौदा वस्तू. लेबलचा प्रिंटर बंद करून बघितला. तो नव्हे. कॅमेरा... तोही नव्हे. एक वाजला. दोन वाजले. बबितानं भाकरी आणून ठेवली, ती तशीच राहिली.

अडीचला मी गरगोठीच्या दाराशी गेले. तो नुकताच बाहेर आला होता, भुवया पांढऱ्या.

"सुग्रीव... मघाशी जे बोलले ते चुकीचं बोलले. चूक माझी होती. तुमची नव्हती."

"असू द्या."

"नाही असू द्यायचं. सॉरी."

त्यानं मान हलवली. "आता काय अडलंय?"

"सकाळी सगळं कुठल्या क्रमानं चालू केलंत? थोरलीचा पत्ता ओळीतला आठवा आहे. आठवी वस्तू कुठली होती ते हवंय."

"क्रम मानाचा," तो म्हणाला. "कंपनीत जे आदी आलं त्याला आदी मान. पैला काटा. मग पंपाचा डबा... मग... तुमच्या तिघी नव्या, म्हणून शेवटी. मधलं काय ध्यानात न्हाई. बिया काढणाऱ्या सुरेखावैनी आन् मी दोघं मिळून लावत व्हतो."

"रजिस्टरमध्ये असेल! तुम्ही काय चालू केलं ते लिहिता ना?"

तो एकदम थबकला. रजिस्टर बगलेतच होतं. त्यानं ते घट्ट दाबलं.

"मी वाचून दावतो."

"द्या ना, वेळ नाही!"

"मॅडम... आजचंच पान बगा. मागची नको."

"सुग्रीव, तीन वाजत आले!"

त्यानं विचारलं, "ही स्क्रीन लागली की तुमचं काम हुतंय ना? पक्कं?"

"पक्कं."

"मग घ्या," म्हणत त्यानं रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी घाईनं पानं उलटली. आजचं पान शोधताना मागची डोळ्यांखालून गेलीच. आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' कुठेच नव्हतं.

'पहिली माळ. दु. २.००. उणे १८. शेरा: नवीन बाई बिया काढायला बसवली. ती इंजिनिअर निघाली. चूक माझी.'

'तिसरी माळ. सायं. ४.००. उणे १८. शेरा: मॅडमनी चहा अर्धा टाकला. आलं जास्त झालं असावं.'

'पाचवी माळ. सायं. ४.००. उणे १७.५. शेरा: आलं कमी. सगळा प्यायल्या.'

'सातवी माळ. दु. १२.००. उणे १८. शेरा: स्क्रीन लागली. मॅडम मोठ्यानं हसल्या. वत्सलाबाई म्हणल्या, आता कुठूनबी बघता येतं, तिला इथं यायची गरज नाही.'

माझी बोटं थांबली. आजचं पान समोर होतं. मानाची यादी ओळीनं लिहिलेली, प्रत्येकीपुढे वेळ. आणि यादीखाली शेरा: 'पूजेला एकच मागितलं. मॅडमचं काम होऊ दे. दुसरं मागायचं होतं, ते मागितलं नाही.'

डोळे भरून आले तर आकडे दिसेनात. तसेच पुसले. पाच... सहा... सात... आठ. हजेरीचं यंत्र!

"गेटवरचं हजेरीचं यंत्र! बंद करा, पळा!"

तो पळाला. चिखलातून, पांढऱ्या शर्टात. मी खोलीत धावले. राउटरच्या यादीतून एक आकडा नाहीसा झाला. थोरलीला तिचा पत्ता परत दिला आणि या वेळी, कुणाचंही न ऐकता, पाच मिनिटं काढून सगळ्यांचे पत्ते बांधून टाकले. मग स्क्रीन उघडली.

पांढरी.

"देवा..." मी बोटं मोडायला घेतली. माझ्या बोटांवर एक गार, चिखलानं माखलेला हात आला आणि त्यानं ती धरून ठेवली. सुग्रीव धापा टाकत होता. हात सोडवून घ्यावा असं मला अजिबात वाटलं नाही.

मधली हिरवी. धाकटी हिरवी. थोरली पिवळी... पिवळी... पिवळीच. भिंतीवर पावणेचार.

"ऊठ बाई," तो थोरलीला म्हणाला. "तुझ्यावाचून समदं अडलंय."

आणि ती हिरवी झाली. तिच्यामागून एकेक कंटेनर हिरवा होत गेला. तापमान, बागा, गाड्या. चार वाजून तीन मिनिटांनी वत्सलाबाईंचा फोन वाजला. दुबईचा माणूस बोलत होता, बाई नुसत्या 'हां, हां' करत होत्या, आणि मग त्यांनी फोन ठेवून माझ्या डोक्यावरून कडाकडा बोटं मोडली. "पक्कं झालं गं पोरी!" म्हणत त्या बायकांना सांगायला गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यानं हात केव्हाच सोडला होता. रजिस्टर टेबलावर होतं, आणि दोघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

"झालं मग," तो म्हणाला. "आता तुमी निघणार. तिकडूनच बगणार आमाला, स्क्रीनवर."

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी. स्क्रीन लागली की..."

"बाई तुमच्याशी अर्धंच बोलल्या," मी म्हटलं. "स्क्रीन लागली नसती तर मी बंगळूरला जाणार होते. लागली म्हणून वर्षभर इथंच राहणार आहे."

तो मागे सरकत स्टुलावर बसला.

"म्हंजी... मी तुमाला रजिस्टर दिलं ते..."

"मी जाईन असं वाटत असताना दिलंत. मी सगळं वाचेन हे माहीत असतानाही दिलंत."

"तुमचं काम व्हायला पायजे व्हतं ना," तो जमिनीकडे बघत म्हणाला. बाहेर बायका हसत होत्या.

मग मी रजिस्टर ओढून घेतलं. आजच्या पानावर चारची ओळ रिकामी होती, पहिल्यांदाच त्याची एक नोंद चुकली होती. मी वेळ लिहिली, स्क्रीनवरून तापमान बघून लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मला सुग्रीव आवडतो. दुसरं जे मागायचं राहिलं, ते उद्या दसऱ्याला आमच्या घरी येऊन मागावं. अण्णा दिवसभर घरीच असतात.'

रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठला आणि गरगोठीत गेला. दोन मिनिटं गेली, तीन गेली. तो बाहेर आला, भुवयांवर दव, आणि माझ्या तापमानापुढं त्यानं बरोबरची खूण केली.

"स्क्रीन खरं बोलती," तो म्हणाला. "पण एकदा स्वतः बगितलेलं बरं."

आणि माझ्या ओळीखाली त्यानं लिहिलं: 'वाचलं. येतो.' आणि खाली सही केली.